पुरात काढलेल्या वर्षांचे क्रेडिट किती?

मेसमध्ये मला हल्ली 'विद्यार्थी साहेब' म्हणतात. निमित्त आहे इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा. ऑफिस चंडीमंदिरला, भाड्याचं घर चंडीगडच्या सेक्टर 39 मध्ये, आणि रात्री जेवणं उरकली की डायनिंग टेबलावर माझी पुस्तकं. चाळिशी उलटल्यावर हा उपद्व्याप कशाला, याचं अर्धं उत्तर रिटायरमेंट हेच आहे, ते लपवत नाही. उरलेलं अर्धं आपल्या जवानांबद्दल आहे, म्हणून हा लेख. (सेवेत आहे, तेव्हा मर्यादा सांभाळून लिहितो.)

या डिप्लोमाला प्रवेश घ्यायला पदवी लागते. माझ्याकडे ती आहे, कारण खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडताना जेएनयूची पदवी हातात पडते. ड्रिल, पीटी, कॅम्प यांच्या जोडीने वर्गातला अभ्यास झालेला असतो आणि त्यावर विद्यापीठाचा शिक्का बसतो. पुढे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा कोर्स झाला की मद्रास विद्यापीठाची एमएस्सी. म्हणजे अधिकाऱ्याच्या सेवेतल्या शिक्षणाला विद्यापीठाशी जोडायची सोय आपण केव्हाच करून ठेवली आहे. आता जवानाकडे या.

माझ्या ओळखीचा एक हवालदार आहे, बॉम्बे सॅपर्सचा, साताऱ्याकडचा. नाव लिहू नका म्हणालाय. 2013 साली उत्तराखंड, 2014 साली श्रीनगर, 2019 साली सांगली. पुराच्या पाण्यात बोटीचं इंजिन कशाने बंद पडतं, पाण्याखाली कुठे कुंपणाच्या तारा असणार, कुठे विहीर असणार, हे त्याला काठावर उभं राहून सांगता येतं. पण त्याचं खरं कसब वेगळंच. दारापाशी बोट लावल्यावर आधी कुणाला घ्यायचं आणि बोट भरली की पुढच्या माणसाला 'तुम्ही पुढच्या फेरीला' हे कोणत्या आवाजात सांगायचं. साधी गोष्ट वाटते. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. ती बोट फौजेची नव्हती. गावकरीच गावकऱ्यांना बाहेर काढत होते, जिवावर उदार होऊन. तिथे 'नाही' म्हणायला शिकलेला एक माणूस हवा होता, इतकंच.

हा हवालदार लवकरच घरी जाईल, वय अजून चाळीसच्या आत. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सवलत चांगली आहे. पण नोकरीच्या टेबलापलीकडचा माणूस विचारतो, 'पदवी कुठल्या विषयात?' आणि तिथे गाडी अडते, कारण त्या बरोबरीला विषयच नाही. मग एटीएमच्या दारातलं स्टूल. त्या कामाला मी कमी लेखत नाही. मात्र तीन महापूर पाहिलेला माणूस त्या स्टुलावर बसतो आणि त्याच्याच तालुक्यात दर पावसाळ्यात पुन्हा फौजेची वाट पाहिली जाते, हा हिशेब मला पटत नाही.

यावर उपाय निघाला होता. 2009 साली लष्कराने इग्नूशी करार करून 'ज्ञानदीप' प्रकल्प सुरू केला. रेजिमेंटची ट्रेनिंग सेंटर्स कम्युनिटी कॉलेज म्हणून नोंदवायची, जवानाचं सेवेतलं प्रशिक्षण क्रेडिटमध्ये मोजायचं, त्यावर सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि शेवटी असोसिएट डिग्री द्यायची. कल्पना सोन्यासारखी होती. पण काही वर्षांतच कम्युनिटी कॉलेजांची ती योजनाच थांबली आणि दिवाही मालवला. 2022 साली अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी जाहीर झाली, तिच्यात निम्मी क्रेडिट सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाची. म्हणजे तत्त्व पुन्हा मान्य झालं. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात आणि चौघांतले तिघे बाहेर पडू शकतात. अमेरिकेत अग्निशमन दलातले, पोलिसातले लोक आणि माजी सैनिक जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची इमर्जन्सी मॅनेजमेंटची डिग्री करतात. आपल्याकडे याच विषयात, याच पातळीवर जवानासाठी काही उभं राहावं, असं माझं म्हणणं.

इथवर माझे निवृत्त मित्र माना डोलावतात. पुढचं त्यांना रुचत नाही. ते म्हणतात, 'पोरांनी इतकं केलंय, देऊन टाका डिग्री.' मी म्हणतो, नाही. निम्मी क्रेडिट अनुभवाची जरूर द्या, उरलेल्या निम्म्यासाठी पोराला अभ्यासाला बसवा. कारण वर्दीला आपत्तीचा एक तुकडाच दिसतो. आपण पाणी चढल्यावर पोचतो आणि उतरल्यावर निघतो. आपला रिपोर्ट 'इतके लोक सुरक्षित हलवले' इथे संपतो.

किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले. मी तेव्हा शाळेत होतो. फौजेने ढिगारे उपसले, तंबू ठोकले, ते फोटो अजून डोळ्यांपुढे आहेत. पण माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यावरच्या मातीच्या जड धाब्याखाली. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं. तेव्हाच्या भूकंप नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली, त्यात वर्षं गेली. घर कसं बांधलं होतं, नकाशा काय सांगत होता, जुन्या गावाची वेस सोडून लोक नव्या कॉलनीत कसे रुळले, यातलं काहीही फावडं चालवणाऱ्या जवानाला तिथून दिसत नाही. अभ्यासक्रमात 'प्रतिसाद' हा एक भाग आहे. आधीची तयारी, धोक्याचं मोजमाप, नंतरचं पुनर्वसन यांना त्याच्याइतकीच जागा आहे.

माझंच उदाहरण घ्या. सेक्टर 39 मधलं वॉटर वर्क्स मी रोज ओलांडून जात होतो, भिंतीपलीकडे काय चाललंय याचा विचार न करता. असुरक्षिततेच्या विश्लेषणाचा धडा वाचला आणि नकाशा काढून बसलो. चंडीगडचं बहुतेक पाणी भाक्रा मेन लाइन कालव्यातून कजौलीला उचललं जातं, पाइपलाइनने या सेक्टर 39 मध्ये येतं आणि इथून शहरभर जातं. शहर भूकंपाच्या झोन चारमध्ये. जुलै 2023 मध्ये इथे चोवीस तासांत 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. इतक्या पावसात माणूस कालव्याचं पाणी विसरतो, पण पूर असो की भूकंप, दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी लागतंच. ती लाइन तुटली तर हॉस्पिटलांना किती तास पुरेल, टँकर कुठून भरायचे, हे प्रश्न विचारायला बोट चालवता यावी लागत नाही. वेगळी नजर लागते, आणि ती शिकावी लागते.

आणखी एक. 2005 च्या कायद्याने जिल्ह्यात प्रमुख आहे जिल्हाधिकारी. 2010 साली राष्ट्रीय प्राधिकरणाने घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिच्यातही फौज मदतीला असते, मालक नसते. आपल्याला हुकमाची सवय. गावात मात्र तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि विरोधी गटाचा माजी सरपंच, चौघांना एका खोलीत बसवून काम काढायचं असतं. यावर एक अख्खा पेपर ठेवावा, आणि तोंडी परीक्षा तहसीलदाराने घ्यावी.

सरावाला फौजेकडे माणसं कमी नाहीत. 2024 च्या ऑगस्टमध्ये वायनाडला मद्रास सॅपर्सनी 190 फुटांचा बेली पूल उभा केला. त्या कामावर असलेल्या मेजर सीता शेळके आपल्या नगर जिल्ह्याच्या, हे मराठी पेपरांनी अभिमानाने छापलं. त्या पुलाची पॅनेलं खांद्यावर वाहणारे जवानही दहा-बारा वर्षांत आपापल्या गावी जातील.

तेव्हा सुरुवात लहान करू. पूररेषेवरच्या किंवा भूकंपपट्ट्यातल्या एखाद्या जिल्ह्यात, सांगलीत म्हणा, लातुरात म्हणा, एका कॉलेजने संध्याकाळचे वर्ग काढावेत. एक वर्ष, निम्मी क्रेडिट सेवेच्या नोंदीवरून, प्रोजेक्ट स्वतःच्या तालुक्याचा. आणि पास होणाऱ्यासाठी तालुक्यात एक पगारी जागा हवी. पावसाळ्यापुरती मानधनावरची नको. जागा नसेल तर पोरं वर्गात बसणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

वाचकांत कुणी कॉलेज चालवणारे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध असणारे असतील तर लिहा. पेपरांचा कच्चा आराखडा तयार आहे. बोटीच्या प्रात्यक्षिकाचं प्रकरण हवालदारसाहेबांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ते अठरा पानं झालंय, थोडं कापावं लागेल.