मेक्सिकोचे देणे

"इतके देश पाहिलेत, पण पुन्हा जावेसे कुठे वाटते?" असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. मी 'मेक्सिको' म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला जपान किंवा स्वित्झर्लंड अपेक्षित असते. "तिथे गोळीबार होतात म्हणे!" होतात. एक लाखाहून अधिक माणसांची तिथे सरकारदरबारी 'बेपत्ता' म्हणून नोंद आहे. ते झाकून त्या देशाचे गोडवे गाणे बरे नव्हे. तरीही माझे उत्तर तेच राहते.

पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे प्रत्येक गोष्टीची नावे-जमा मांडायची खोड मला जडली आहे. हे खाते मांडायला बसलो, तर आपण मेक्सिकोचे मोठे देणेकरी निघतो. जिच्यावाचून आपला घास उतरत नाही ती मिरची मूळ तिकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. मका तिकडचा, चिकू नावासकट तिकडचा, निशिगंधही तिकडचाच. आणि दसऱ्याला ज्याचे तोरण आपण दाराला बांधतो, तो झेंडूसुद्धा!

आपल्या जमेच्या बाजूला मात्र वर्ध्याचा एक माणूस ठळकपणे उभा आहे. गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1924 मध्ये मेक्सिकोला पोहोचले. मायदेशाचे दरवाजे बंद होते. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले आणि गरीब शेतकऱ्यासाठी मक्याचे सुधारित वाण शोधण्यात उमेद घालवली. राजधानीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा यांनी 1928 मध्ये रंगवलेले एक चित्र आहे. मेजाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि मधला माणूस भाकर मोडून देतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा, असे सांगतात. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो.

पण माझे खरे कारण याहून घरगुती आहे.

2023 च्या फेब्रुवारीत माझी पत्नी गेली. त्यानंतर घरात तिचे नाव निघेनासे झाले. मला त्रास होईल म्हणून मुले गप्प आणि मुलांना त्रास होईल म्हणून मी गप्प. ऑक्टोबरअखेर पुतण्या मला मेक्सिकोला घेऊन गेला. तो नोकरीनिमित्त तिथे असतो. वाहाका या दक्षिणेकडच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी आम्ही खोली घेतली होती. सकाळी त्यांची सून चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका चक्क पाट्यावर वाटत होती. पाट्याला तीन पाय होते, एवढाच काय तो फरक. बाहेर बाजार झेंडूने पिवळाधमक झालेला. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे गेलेली माणसे घरी जेवायला येतात, अशी श्रद्धा आहे. त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात, फोटो मांडतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात.

म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पाकिटातला फोटो मागून घेतला, आपल्या यजमानांच्या शेजारी ठेवला आणि पुतण्यामार्फत विचारले, "यांना काय आवडायचे?"

मला उत्तर देता येईना. शाखेतल्या शेकडो ग्राहकांचे खातेक्रमांक मला पाठ असत. पण एकोणचाळीस वर्षे जिने मला वाढले, तिला काय आवडायचे हे मला ठाऊक नव्हते.

तिकडे रात्र, इकडे सकाळ. मी मेव्हणीला फोन लावला. ती म्हणाली, "भावजी, ताईला शिळ्या भाकरीचा कुस्करा आवडायचा. वर कच्चे तेल आणि लसणीची चटणी. तुम्हाला वाटायचे, उरलेले संपवतेय."

मला तसेच वाटत होते.

बाईंनी ते ऐकले, मक्याची शिळी पोळी कुस्करली, वर तेल घातले, लाल मिरचीची चटणी घातली आणि वाटी फोटोपुढे ठेवली. मग त्यांच्या नातवंडांनी तिच्याबद्दल विचारायला सुरुवात केली. ती उंच होती का? गायची का? भांडायची का? आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याबद्दल बोललो, आणि हसलोही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पितृपक्ष नाही का? आहे ना! सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमीही आहे. ती त्या वर्षीही आली होती. गुरुजींना फोन केला, पाकीट दिले आणि मोकळा झालो. रीत आपल्याकडे होती. तिच्यातली माणसाची चौकशी आपण सोडून दिली आहे.

म्हणून मला वाटते, परदेशावर प्रेम करावे ते तिथल्या चकचकीत रस्त्यांसाठी नव्हे. जो देश आपल्याला आपल्याच घरातला एखादा प्रश्न विचारतो, तो आपला. 2024 च्या अविधवा नवमीला आमच्याकडे कुस्करा झाला. नातीने विचारले, "आजी हे खायची?" मग जेवण आटोपायला दुपारचे तीन वाजले.

वाचकहो, तुमच्या घरी जे आहेत, त्यांना काय आवडते ते आजच विचारून ठेवा. त्यासाठी मेक्सिकोला जायची गरज नाही. मला मात्र जावे लागले.