विश्लेषण : परवाना खरा, पण वाहन भलतेच! डिजिटल प्रमाणपत्राची अर्धवट तपासणी का घातक?

मोबाइलवरून विजेचे बिल भरताना किंवा बँकेचे अ‍ॅप उघडताना आपला फोन आपल्या नकळत एक चौकशी करत असतो. समोरचा सर्व्हर खरोखर बँकेचाच आहे ना, ही ती चौकशी. उत्तर ‘हो’ आले तरच पासवर्ड, पिन, खाते क्रमांक पुढे जातात. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे उरकते, त्यामुळे ग्राहकाला ते दिसत नाही. चौकशी अर्धवट झाली तरीही दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’मध्ये २०१७ साली उघड झालेला दोष याच प्रकारचा होता. तो केव्हाच दुरुस्त झाला. त्यातला धडा मात्र अजून पुरता गिरवलेला नाही.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हर स्वतःची ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवतो. त्यात संकेतस्थळाचे नाव, मुदत, सांकेतिक संभाषणासाठी लागणारी सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. अशा विश्वासार्ह संस्थांची यादी फोनमध्ये किंवा संगणकात आधीच भरलेली असते. सही त्या यादीतल्या संस्थेपर्यंत पोहोचते का, नाव जुळते का, मुदत संपली नाही ना, प्रमाणपत्र मधेच रद्द झाले नाही ना, हे सगळे तपासायचे असते.

आणखी एक रकाना असतो, तो म्हणजे वापराचा. एखादे प्रमाणपत्र सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी दिलेले असते, एखादे ईमेलवर सही करण्यासाठी, तर एखादे सॉफ्टवेअरवर शिक्का मारण्यासाठी. कशासाठी दिले आहे, ते त्यातच नोंदवलेले असते.

मग ‘डॉट नेट’मध्ये काय चुकले?

‘डॉट नेट’ ही सॉफ्टवेअर बांधण्याची तयार चौकट आहे. प्रोग्रामर दर वेळी सुरुवातीपासून सगळे लिहीत बसत नाही. जोडणी, सुरक्षा, फाइल हाताळणी असे तयार भाग तो चौकटीतून घेतो. ९ मे २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ आणि ‘डॉट नेट कोअर’मधील काही भाग प्रमाणपत्रे पूर्णपणे तपासत नाहीत. एखाद्या कामासाठी अवैध असल्याची नोंद प्रमाणपत्रावर असतानाही चौकट ते त्याच कामासाठी स्वीकारत होती. सीव्हीई-२०१७-०२४८ या क्रमांकाने हा दोष नोंदवला गेला.

नाकाबंदीतल्या हवालदाराने वाहन परवान्यावरचा फोटो पाहिला, शिक्का पाहिला, मुदत पाहिली आणि ट्रक सोडून दिला. परवाना फक्त दुचाकीचा आहे हे मात्र वाचलेच नाही. परवाना बनावट नव्हता, तपासणीही झाली होती, तरी ट्रक नको त्या हाती होता. इथे तसेच घडले.

या दोषाचा फायदा घेणे सोपे नव्हते. बाकीच्या कसोट्यांना उतरणारे प्रमाणपत्र हल्लेखोराच्या हाती असायला हवे आणि दोन संगणकांच्या संभाषणात मधे शिरण्याची संधीही हवी. पण ज्या भिंतीच्या भरवशावर हजारो प्रोग्रामर निर्धास्त असतात, तिच्यातली फट लहान म्हणून दुर्लक्षिता येत नाही. चौकटीतला दोष तिच्यावर बांधलेल्या प्रत्येक इमारतीत उतरतो.

दुरुस्तीनंतर गोंधळ का झाला?

दुरुस्ती आल्यावर काही ठिकाणी चालू असलेली सॉफ्टवेअरे अडली. त्यांची प्रमाणपत्रे वापराच्या रकान्याच्या कसोटीला उतरत नव्हती आणि आजवर त्यांना कुणी हटकलेही नव्हते. अशांसाठी मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या नोंदवहीत नवी तपासणी बंद ठेवण्याची सोय द्यावी लागली. सोय तात्पुरती, पण कामाच्या रेट्यात तात्पुरते ते कायमचे कसे होते, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. त्याच आठवड्यात, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार उडवला. त्याने वापरलेल्या वेगळ्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. दुरुस्ती येणे आणि ती प्रत्यक्ष बसणे यांतले अंतर किती महाग पडते, हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

हा एकच प्रसंग आहे का?

नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली, कारण तपासणीच्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती आणि त्यामुळे सही पडताळण्याची पायरीच टळत होती. २०१५ मध्ये आयफोन अ‍ॅपसाठी लोकप्रिय असलेल्या ‘एएफनेटवर्किंग’ या संचाच्या एका आवृत्तीत प्रमाणपत्र तपासणीच निष्प्रभ झाली होती.

त्याहून बोधप्रद प्रकरण अमेरिकेतले. मार्च २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सिनेमाची तिकिटे विकणारी फँडँगो आणि पतविषयक माहिती देणारी क्रेडिट कर्मा या कंपन्यांवर ठपका ठेवला. दोघींच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये प्रमाणपत्र तपासणी बंद होती. क्रेडिट कर्माच्या बाबतीत ती चाचणीच्या सोयीसाठी बंद केली गेली आणि अ‍ॅप बाजारात आणताना पुन्हा सुरू करायचे राहून गेले. तडजोडीत दोन्ही कंपन्यांना पुढील २० वर्षे, दर दोन वर्षांनी स्वतंत्र सुरक्षा तपासणी करून घेण्याचे बंधन आले.

भारताचा संबंध काय?

जुलै २०१४ मध्ये गुगलला स्वतःच्या काही संकेतस्थळांच्या नावाने दिलेली अनधिकृत प्रमाणपत्रे आढळली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन यंत्रणेतून निघाली होती. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासार्ह यादीत असल्याने विंडोजवरील अनेक प्रोग्राम ती खरी मानू शकत होते. नियंत्रकाने एनआयसीची मधली प्रमाणपत्रे लगेच रद्द केली. पुढे गुगलने क्रोममध्ये या भारतीय मूळ प्रमाणपत्राचा अधिकार जीओव्ही डॉट इनसारख्या ठरावीक भारतीय नावांपुरता आखून टाकला. कोणावर किती आणि कशापुरता विश्वास, हा प्रश्न इथेही तोच होता.

जबाबदारी कोणाची?

ब्राउझरमध्ये निदान इशारा तरी दिसतो. अ‍ॅपमध्ये तेवढाही आधार नसतो. ग्राहकाने अ‍ॅप अद्ययावत ठेवावे, ब्राउझरचा इशारा ओलांडून पुढे जाऊ नये, फुकट वायफायवर पैशांचे व्यवहार टाळावेत, हे योग्यच. पण आत तपासणी नीट होते की नाही, हे ठरवणे त्याच्या हातात नाही. ‘ग्राहकांनी सावध राहावे’ एवढे सांगून बँका आणि सरकारी खात्यांना हात झटकता येणार नाहीत.

त्यांच्याकडून अपेक्षा अवघड नाहीत. अ‍ॅप लोकांच्या हाती देण्याआधी त्याच्यासमोर मुदत संपलेले, दुसऱ्याच नावाचे, अनोळखी संस्थेचे, रद्द झालेले आणि भलत्याच वापराचे, अशी पाच खोटी प्रमाणपत्रे ठेवून पाहावीत. एक जरी स्वीकारले गेले तर अ‍ॅप बाहेर पडता कामा नये. आपले सॉफ्टवेअर कोणत्या तयार भागांवर उभे आहे याची यादी हाताशी असावी. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या कंत्राटांच्या अटींत उतरायला हव्यात. आणि एखादी तपासणी नाइलाजाने बंद ठेवावी लागली, तर ती कोणी, का आणि कोणत्या तारखेपर्यंत बंद ठेवली याची नोंद हवी.

यंत्राला संशय घ्यायला शिकवावे लागते. पगार, पेन्शन आणि अनुदान ज्या देशात फोनवरूनच हलू लागले आहे, तिथे हा संशय अर्धवट शिकवलेला परवडणार नाही.