बाई, आजीचे पैसे लिहायचेच का?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


मी घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरवस्तीतल्या मुलांना शिकवते. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत फॉर्म घेऊन आली. तिला आई-वडील नाहीत, आजी सांभाळते. आजीला लिहिता येत नाही, म्हणून घरचे सगळे कागद हीच भरते. म्हणाली, "बाई, आजीच्या भांड्यांचे पैसे लिहायचेच का? लिहिले तर फॉर्म बाद होतो म्हणतात."

फॉर्म श्रावणबाळ योजनेचा होता. पासष्टीपुढच्या निराधारांना महिना १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत, तेही अख्ख्या घराचे. आजी दोन घरची धुणीभांडी करते, तीन हजार मिळतात. वर्षाचे ३६,००० झाले, आणि आजी निराधारांतून बाहेर गेली.

जुलै २०२४ पासून राज्यानं लाडकी बहीण योजना सुरू केली. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, वय मात्र २१ ते ६५. म्हणजे पासष्टी उलटली की तीच बाई, त्याच खोलीत, त्याच कमाईवर अडीच लाखांच्या मापातून २१ हजारांच्या मापात येते. तिच्या पदरी नात आहे, हे दोन्ही मापांत कुठंच मोजलं जात नाही. संजय गांधी निराधार योजनेतही क्षयानं किंवा कर्करोगानं काम सुटलेल्या बापाला हेच २१ हजारांचं माप लागतं. त्याच्याही घरात शाळेत जाणारी पोरं असतात.

चार पैसे नियमानं आले की मूल कसं बदलतं, ते मी या मुलीतच पाहिलंय. आई-वडील नसलेल्या मुलांना मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना २,२५० झाली. तिला ती मिळू लागली तेव्हा आजीनं तिसरं घर सोडलं. त्याआधी मुलगी संध्याकाळी कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसून असायची. आता घरी जाते तेव्हा आजी असते, चहा-पोळी असते, दिवसभरातलं सांगायला माणूस असतं. वर्गात हात वर करायला लागली ती त्यानंतरच. दप्तर, बूट हे पुढचं. मला तो हात मोठा वाटतो.

आजीचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. उरलेली दोन घरं सुटली तर चूल नातीच्या पैशावर चालेल.

साहेब, श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची मर्यादा अडीच लाख करा. ज्या घरात अठराखालचं मूल आहे, तिथून सुरुवात करा.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "खरं तेच लिही." तिनं लिहिलं नाही. फॉर्म माझ्याकडे ठेवायला दिला. पेनानं भरलेला आहे, उत्पन्नाचा रकाना तेवढा पेन्सिलीनं लिहून खोडलेला.

आपली नम्र,
घाटकोपरची एक शिक्षिका