सरकारी दप्तर संगणकात गेलं, पण त्याची राखण कोण करणार?

यवतमाळ जिल्ह्यातलं शेंदुरसनी हे आर्णी तालुक्यातलं छोटं गाव. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. २०२५ च्या अखेरीस या गावाच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्याचं उघड झालं. गावात एवढी बाळं जन्मणं शक्यच नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय संगणक प्रणालीचा गैरवापर करून कुणीतरी बाहेरून या नोंदी घुसवल्या होत्या. गुन्हा दाखल झाला, तपास सुरू झाला. बातमी चार दिवस गाजली आणि मागे पडली.

वसईपासून शेंदुरसनी खूप लांब आहे. तरीही आमच्या मते ही बातमी पापडी, कोळीवाडा, सोपारा, नालासोपारा इथल्या प्रत्येक घराने नीट समजून घ्यायला हवी. सरकारी संगणक फोडणारा पकडला जाईल किंवा सुटेल, पण त्यानंतर संशयाची नजर फिरते ती खरा दाखला हातात असलेल्या साध्या माणसावर. जानेवारी २०२५ मध्ये उशिराच्या जन्मदाखल्यांबाबत आरोप झाले, तेव्हा राज्य सरकारने असे दाखले देणं थांबवलं आणि विशेष तपास पथक नेमलं. नंतर नियम कडक झाले. ज्यांचे कागद खरे होते, त्यांनाही खेटे घालावे लागले. त्यात आपल्या समाजातली कुटुंबं किती होती, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

म्हणून सायबर सुरक्षा हा फक्त संगणकवाल्यांचा विषय आहे, असं समजून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्याने, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळा, मतदारयादी, आधार, वाहन परवाना या सगळ्याचा मुख्य पुरावा ठरतो. एका नोंदीवर इतका भार टाकायचा, तर ती नोंद जिथे ठेवलीय त्या तिजोरीचं कुलूपही तेवढंच भक्कम हवं.

पडल्यावर उठता येतं का?

हल्ला कधी होणारच नाही, अशी हमी जगात कुठलंच सरकार देऊ शकत नाही. त्यामुळे हल्ला झाला तर काम किती वेळात पुन्हा सुरू होतं आणि तोवर लोकांचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे. यालाच सायबर सज्जता म्हणायचं.

दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर व्हायरसने रुग्णालयाचे संगणक ठप्प केले. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, भरती, सगळं दोन आठवड्यांच्या आसपास हाताने लिहून चालवावं लागलं. पुढे सरकारनेच संसदेत सांगितलं की नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती. म्हणजे घराला दार एकच आणि आत खोल्यांना दारंच नाहीत. चोर एकदा आत शिरला की सगळं घर त्याचं.

आपल्या महाराष्ट्रातही असं घडलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीची संगणक यंत्रणा अशाच हल्ल्याने बंद पडली. जुलै २०२४ अखेरीस तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला आणि देशभरातल्या तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडले. हल्ला कंपनीवर झाला, पण पैसे अडकले ते छोट्या गावच्या खातेदाराचे.

विजेचंही तेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, वीज यंत्रणेच्या संगणकांत घातक प्रोग्राम शिरल्याची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचं म्हटलं. खरं काय, यावर दोन्ही सरकारांचं एकमत झालं नाही. पण हल्ला आणि बिघाड यांतला फरकच ठामपणे सांगता येत नसेल, तर हीसुद्धा सज्जतेतली उणीवच आहे.

वीज नसणं म्हणजे काय, हे वसईला शिकवायची गरज नाही. जुलै २०१८ च्या पुरात इथले कितीतरी भाग पाण्यात आणि अंधारात होते. टाकीत पाणी चढत नव्हतं, मोबाइल बंद, आजारी माणसाला हलवायची सोय नाही. तेव्हा कारण पाऊस होता. उद्या कारण संगणकातला व्हायरस असेल, तरी घरातले हाल तेच.

वसईत काय विचारायला हवं

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. चार नगरपरिषदा आणि कितीतरी ग्रामपंचायती त्यात आल्या. पालघर जिल्हा तर २०१४ चा, त्याआधीचे कागद ठाणे जिल्ह्याचे. म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत, हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत विखुरलेल्या आहेत. त्या संगणकात चढवल्या म्हणजे काम संपलं, असं नाही. मूळ रजिस्टर सांभाळलंय का? संगणकातल्या माहितीची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवली जाते का? ती प्रत उघडून, चालते की नाही हे कधी तपासलंय का? एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चार जण वापरत नाहीत ना? एका दिवसात नेहमीपेक्षा शंभरपट नोंदी झाल्या तर धोक्याची घंटा वाजते का? शेंदुरसनीत अशी घंटा असती तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

नियम नाहीत असं नाही. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वीज, बँका, वाहतूक यांसारख्या महत्त्वाच्या यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ पासून वेगळी राष्ट्रीय संस्था आहे. राज्याने नवी मुंबईत महापे इथे ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प उभारलाय. पण कर्ज काढून उभारलेली भिंत शेवटच्या विटेपर्यंत गेली नाही, तर चोर तिथूनच येतो. शेवटची वीट म्हणजे ग्रामपंचायत, प्रभाग समिती, तलाठी कार्यालय.

आणखी एक मागणी आम्हाला महत्त्वाची वाटते. सरकारी पोर्टल बंद पडलं तर मुदत आपोआप वाढली पाहिजे. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी जून २०२५ मध्ये उमीद पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत डिसेंबरमध्ये संपली. शेवटच्या दिवसांत पोर्टल अडखळत असल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ दिली नाही, न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. मंत्र्यांनी नंतर तीन महिने दंड न करण्याचं आश्वासन दिलं. पण यंत्रणा सरकारची बिघडावी आणि वकिलाची फी मस्जिदीच्या विश्वस्तांनी भरावी, हा न्याय झाला का?

आपल्या घरापुरतं

सरकार करेल तेव्हा करेल, आपणही काही गोष्टी आजच करू शकतो. जन्म-मृत्यू दाखले, निकाहनामा, घराचे कागद, जुने शाळा सोडल्याचे दाखले यांच्या साक्षांकित प्रती एका ठिकाणी नीट ठेवा. महापालिकेच्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि कार्यालय वहीत लिहून ठेवा. ऑनलाइन अर्ज केला तर पोचपावती छापून घ्या. पोर्टल अडलं तर तारीख-वेळेसह स्क्रीनचा फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. मस्जिद, मदरसा, कब्रस्तानच्या विश्वस्तांनीही हेच करावं. दाखला 'लगेच काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. बनावट नोंद त्याच्या नव्हे, तुमच्या मुलाच्या नावावर राहते. फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० किंवा राज्याच्या १९४५ क्रमांकावर फोन करा.

आपण सरकारकडे आपलं नाव, जन्म, घर, बोटांचे ठसे सोपवतो. ही अमानत आहे. ती सांभाळण्याची मेहेरबानी आपण मागत नाही, हिशेब मागतोय. प्रभागाच्या पुढच्या सभेत नगरसेवक गटार-रस्त्याबद्दल बोलतील, तेव्हा कुणीतरी उठून एवढं विचारा: आमच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?