पाच रविवार रिकामा राहिलेला बाक



आमच्या मंडळीत उजवीकडच्या रांगेत, खिडकीलगतच्या तिसऱ्या बाकावर एक आजी बसायच्या. त्यांचं ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक त्या घरी नेतच नसत. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, खुणेसाठी एसटीची जुनी तिकिटं खोचलेलं ते पुस्तक बाकावरच असायचं. यंदाच्या पावसाळ्यात सलग पाच रविवार ते तसंच पडून होतं. झाडलोट करणारा दर शनिवारी ते उचलायचा, बाक पुसायचा आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. माझा बाक त्यामागचाच. पाचही रविवार मी ते पुस्तक पाहिलं आणि पाचही रविवार सगळ्यांना सलाम करून घरी गेलो.

आजी मोरीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते शेजारच्या वहिनींनी. त्या कधी चर्चची पायरी चढलेल्या नाहीत. दोन वेळचा डबाही त्याच देत होत्या. पाळकसाहेबांची समजूत अशी की आजी मुलाकडे पुण्याला गेल्यात. खरं कळल्यावर आम्ही ओशाळून पोचलो तेव्हा आजी रागावल्या नाहीत. “मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल,” एवढंच म्हणाल्या.

प्रार्थनेत आपण कमी पडत नाही. आजारी, शोकग्रस्त, एकाकी यांच्यासाठी दर रविवारी विनंती होते. त्या ‘एकाकी’ शब्दात आजी पाच वेळा येऊन गेल्या. फक्त त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा काढून वाचा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी मंडळी बोलावली आणि त्या कामासाठी सात माणसं नेमली. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप सोपवलं. स्तेफनाला आपण पहिला रक्तसाक्षी म्हणून ओळखतो, पण त्याची पहिली नेमणूक पंगतीच्या कामावरची होती.

आज अशी माणसं नेमायची घाई कशासाठी, तर आपली खेडी रिकामी होत चालली आहेत. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या मंडळ्यांत बाकांवर पांढरी डोकीच जास्त दिसतात. पोरं पुण्या-मुंबईला, कुणी आखातात. शिवाय आपल्यातल्या पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. त्यांच्या पोरांची फी भरायची वेळ येते तेव्हा आईबाप आधी सावकाराकडे बघतात. ते मंडळीकडे का बघत नाहीत, याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

आपल्या लोकांना एकमेकांना हात देणं जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची छोटी पतसंस्था निघाली; तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. तिचे सभासद आजही गरजूंच्या घरी जातात, तेही शक्यतो जोडीने. तरुण संघाने हे मनावर घ्यावं. नाताळच्या नाटकाच्या तालमीइतका वेळसुद्धा लागणार नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. एकटं कोण राहतं, औषध कोणतं चालू आहे, मुलाचा फोन नंबर काय, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, हे सगळं त्या त्या माणसाला विचारून लिहा. मागच्या पानांवर मदतीला येणाऱ्यांची नावं लिहा: रिक्षा कुणाकडे आहे, दवाखान्यात रात्री कोण थांबेल, रक्तगट काय, तहसीलमध्ये अर्ज कोण भरून देईल. श्रावणबाळ योजनेला पात्र असूनही अर्जच न केलेली पासष्टीपुढची माणसं तुमच्याही मंडळीत निघतील. मग दर दोन घरांनी मिळून एक माणूस वाटून घ्या आणि रविवारी ते माणूस दिसलं नाही तर सोमवारी सकाळी दार वाजवा. हंगामाच्या सणाला एका भोपळ्याची बोली आपण ईर्ष्येने पाचशेवर नेतो. तेवढी ईर्ष्या इथे दाखवली तरी पुरे.

दोन पथ्यं पाळा. मदत देतानाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि कुणाच्या घरी काय पाहिलं ते चर्चच्या आवारात बोलू नका. लोक मदत मागत नाहीत ते पुष्कळदा या बोलण्याच्या भीतीनेच.

आमची वही गेल्या महिन्यात सुरू झाली. पहिल्या पानावर आजींचं नाव आहे आणि मदतीच्या यादीत सगळ्यांत वर शेजारच्या वहिनींचं, वहिनींनी स्वतःहून सांगितलेलं. येत्या रविवारी आशीर्वचन झाल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं थांबा, कोणता बाक रिकामा आहे ते बघा आणि तुमच्या वहीत पहिलं नाव लिहा.