इंजिन उतरवण्याआधी होज बघा

सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेला म्हसवडमध्ये कुठकुठल्या पासिंगच्या गाड्या येतात. सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली माणदेशी माणसं सिद्धनाथासाठी गावाकडे वळतात. अशाच एका मित्राची एमजीबी तीन वर्षं इथे पत्र्याखाली उभी होती. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. यंदा क्लच दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं, गिअर पडेना.

जमलेल्यांचं एकच मत, ‘प्लेट गेली.’ या गाडीत प्लेट बदलायची तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. मी हात जोडून थांबवलं. प्लेट झिजली की गाडी रेस होते पण ओढत नाही. पेडल तळाला जातं तेव्हा आधी तेलाचा रस्ता तपासायचा.

पेडल मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलतं, ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि तो क्लचचा काटा सरकवतो. चासीवरचा पाइप धातूचा, पण इंजिन हलतं म्हणून शेवटचा तुकडा रबरी. तो होज आम्ही वाकवला तर वर भेगा आणि टोकाला ओल. रबर आतूनही फुगतं. तेल जातं, पण परत यायला अडतं. मग क्लच अर्धवट दबलेला राहून चांगली प्लेटही जळते. त्यात क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ तेल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० लाच उकळू शकतं. उभी गाडी सुरक्षित असते, हा समज म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

कुणी पेट्रोलचा पाइप क्लिप लावून बसवू म्हणालं. क्लचच्या तेलाचा दाब त्याला झेपणारच नाही. आम्ही त्याच मापाचा, स्टीलच्या जाळीचा होज मागवला. आटे सहज मिळतात का ते बोटांनीच बघितलं, पाना नंतर. तांब्याचे वॉशर नवे घातले, जुने पुन्हा वापरले नाहीत. होजला पीळ पडू दिला नाही. मग एकजण पेडलवर, मी स्लेव्ह सिलिंडरच्या निप्पलशी, पारदर्शक नळी तेलाच्या बाटलीत बुडवून. बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. बाटलीत आलेलं जुनं तेल चहासारखं काळपट होतं. रंगावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर ते रंग उचलतं.

सगळं काम एका सकाळीत झालं. इंजिन जागचं हललं नाही.

तुमच्याकडे वर्षानुवर्षं उभी असलेली हायड्रॉलिक क्लचची कोणतीही गाडी असेल, तर यात्रेला काढण्याआधी एवढं करा. होज हाताने वाकवून बघा. भेग दिसली तर तो बदला आणि तेल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही. मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उतरवायला निघाला तर त्याला आधी स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत तेल गळलंय का ते दाखवायला सांगा.