दार खुले, पण उंबरठा उंच

फिनलंडमधील औलू विद्यापीठात ऑगस्ट १९८८ मध्ये यार्को ओइकारिनेन यांनी 'इंटरनेट रिले चॅट' अर्थात आयआरसी ही गप्पांची यंत्रणा घडविली. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. ज्याला हवे त्याने सर्व्हर उभारावा, हवे ते सॉफ्टवेअर वापरावे, असा खुला कारभार. तरीही आज सर्वसामान्यांच्या हाती दिसतात ती व्हॉट्सअॅप, स्लॅक किंवा डिस्कॉर्ड. असे का व्हावे?

आयआरसीवर शिरायचे तर योग्य सॉफ्टवेअर व सर्व्हरचा पत्ता शोधावा लागतो आणि तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा शिकाव्या लागतात. टोपणनाव राखण्यासाठीही बहुतेक ठिकाणी पुन्हा आज्ञाच. मात्र खरे घोडे पेंड खाते ते स्मरणापाशी. मूळ रचनेत सर्व्हर संदेश पोहोचवितो, साठवीत नाही. जोडणी तुटली की मधले संभाषण हुकले. ते मिळवायचे तर अखंड चालणारा दुसरा संगणक मध्ये बसवायचा, हा द्राविडी प्राणायाम जाणकारांनाच जमणारा. मोबाइलची जोडणी तर वारंवार तुटते. तेथे हा दोष फारच जाचक ठरला. व्हॉट्सअॅपने मोबाइल क्रमांकालाच ओळख मानले आणि उंबरठा जवळजवळ नाहीसा केला.

खुल्या वेबचा पुरस्कार करणाऱ्या मोझिलानेही एप्रिल २०१९ मध्ये आयआरसी सोडण्याचे जाहीर केले. नवागतांपुढील तांत्रिक अडसर आणि सहकाऱ्यांना होणारा त्रास ही त्यामागील कारणे होती. मार्च २०२० मध्ये तिचा सर्व्हर बंद झाला. मात्र तिने 'मॅट्रिक्स' हा खुलाच पर्याय निवडला, हे लक्षणीय.

कारण सोयीचीही किंमत असते. आयआरसीतून आत येण्याची वाट स्लॅकने मे २०१८ मध्ये बंद केली; सप्टेंबर २०२२ पासून मोफत सेवेत ९० दिवसांपूर्वीचे संभाषण दिसेनासे झाले. मालकाने नियम बदलले की वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. याउलट, २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी जाळ्याच्या ताब्यावरून वाद पेटला, तेव्हा स्वयंसेवकांनी बाहेर पडून 'लिबेरा चॅट' उभारले. अनेक प्रकल्प तेच जुने सॉफ्टवेअर घेऊन तिकडे गेले.

खुलेपणाचे मोल अशा प्रसंगी कळते. परंतु नवख्याला आत शिरताच येत नसेल, तर त्याचा लाभ मूठभरांपुरताच उरतो. उंबरठा उतरविण्याचे काम खुल्या यंत्रणांनी केले नाही, तर ते कंपन्या करतील. आणि मग दाराची किल्लीही त्यांच्याच खिशात राहील.